विकेंद्रित समाजमाध्यमे आणि लेखनाचे जतन

(१)

१६३८ साली विजापूरच्या फौजेने बेंगळुरूचे ठाणे केंपेगौडाकडून घेतले आणि पुढे ते शहाजीराजांकडे जहागिरीदाखल आले. त्यांच्या तेथील दरबाराचे चित्र जयराम पिंड्ये ह्या कवीने ‘राधामाधवविलासचंपू’ ह्या ग्रंथात रेखाटले आहे. निरनिराळ्या प्रांतांतून आलेले, निरनिराळ्या भाषा बोलणारे कवी तेथे एकत्र जमत, एकमेकांना समस्या घालीत आणि आपापल्या भाषेत त्यांची पूर्ती करीत. संस्कृताबरोबर देशी भाषांनाही त्या सभेत स्थान होते. दरबार मोडला, जहागीर गेली. परंतु ग्रंथाची हस्तलिखित प्रत कोणीतरी जपून ठेवली, आणि १९२२ साली वि. का. राजवाडे यांनी तो विस्तृत प्रस्तावनेसह संपादून प्रसिद्ध केला. बहुभाषिक बेंगळुरूचे हे जुने दर्शन अभ्यासकांना आज घडते ते ह्या प्रतीमुळे.

त्याच बेंगळुरूत २०२० साली दुसरी एक बहुभाषिक सभा भरली. अप्रमेय राधाकृष्ण आणि मयंक बिदावतका यांनी ‘कू’ नावाचे समाजमाध्यम प्रथम कन्नडमध्ये सुरू केले आणि मागाहून हिंदी, तमिळ, तेलुगू, मराठी, बंगाली इत्यादी भाषांत वाढविले. इंग्रजी न जाणणाऱ्या भारतीय वाचक-लेखकाला आपल्या भाषेत लहान लहान मजकूर लिहिता यावा, हा त्यामागील उद्देश होता. केंद्र शासनाच्या आत्मनिर्भर ॲप स्पर्धेत त्याचा गौरव झाला; २०२१ च्या प्रारंभी ट्विटर व शासन यांच्यात वाद पेटला, तेव्हा अनेक मंत्री व शासकीय कार्यालये ‘कू’वर आली. तथापि इतर कंपन्यांशी चाललेल्या भागीदारीच्या वाटाघाटी निष्फळ ठरल्या आणि यंत्रणेचा खर्च परवडेनासा झाला. जुलै २०२४ मध्ये संस्थापकांनी सेवा बंद करीत असल्याचे जाहीर केले. चार वर्षांत भारतीय भाषांत तेथे जे लिहिले गेले ते पूर्वीच्या ठिकाणी वाचावयास मिळेनासे झाले.

ह्या दोन घटनांमध्ये पावणेचारशे वर्षांचे अंतर आहे, आणि दरबारी काव्य व समाजमाध्यमावरील मजकूर यांची वाङ्मयीन तुलना करण्याचाही येथे हेतू नाही. प्रश्न जतनाचा आहे. भारतीय भाषांतील दैनंदिन लेखनाचा मोठा भाग आज खाजगी मालकीच्या समाजमाध्यमांवर होतो. मालक बदलला, कंपनी बुडाली किंवा नियम पालटले, की ते लेखन एका दिवसात नाहीसे होऊ शकते. ह्या संकटावर ‘विकेंद्रित’ समाजमाध्यमे हा उपाय म्हणून सुचविला जातो. तो उपाय कितपत खरा आहे, आणि त्याच्या वाटेत कोणत्या अडचणी आहेत, हे पाहणे साहित्याच्या अभ्यासकांच्या दृष्टीने अगत्याचे आहे.

(२)

विकेंद्रित माध्यमाची कल्पना समजण्यास टपालाचे उदाहरण उपयोगी पडते. पुण्याच्या टपालकचेरीत टाकलेले पत्र जपानमध्ये पोहोचते. दोन्ही देशांची टपालखाती स्वतंत्र, त्यांचे नियम व नोकरवर्ग स्वतंत्र. परंतु पत्ता कसा लिहावा आणि थैली पुढे कशी द्यावी, ह्याविषयी त्यांच्यात करार आहे. विकेंद्रित समाजमाध्यमात अशाच रीतीने अनेक लहानमोठे सर्व्हर असतात. प्रत्येकाचा चालक वेगळा, नियम वेगळे. मात्र सर्वांनी एक समान संकेतसंहिता मान्य केलेली असल्यामुळे एका सर्व्हरवरील सदस्य दुसऱ्या सर्व्हरवरील सदस्याचे लेखन वाचू शकतो व त्यास उत्तर देऊ शकतो. ट्विटर किंवा ‘कू’ यांची रचना ह्याच्या उलट होती. तेथे लिहिणारे लक्षावधी असले तरी घर एकाचे होते.

जर्मनीतील ऑयगन रोख्को यांनी २०१६ साली प्रसृत केलेली ‘मॅस्टोडॉन’ ही प्रणाली ह्या प्रकारात विशेष प्रसिद्ध आहे. अशा सर्व्हरांनी परस्परांशी कसे बोलावे ह्याची ‘ॲक्टिव्हिटीपब’ नावाची संहिता महाजालाचे मानदंड ठरविणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी ह्या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये अधिकृत केली. मॅस्टोडॉनचा संगणक-कार्यक्रम मुक्त असल्याने तो कोणासही घेऊन स्वतःचा सर्व्हर उभारता येतो. महाविद्यालय, ग्रंथालय, साहित्यसंस्था, किंबहुना एखादी व्यक्तीही आपले स्वतंत्र ठाणे स्थापू शकते.

वरवर पाहता ह्यात सर्व प्रश्नांचे उत्तर दिसते. एकच मालक नसल्याने एकाच्या मर्जीने सर्व काही बंद पडण्याचे भय नाही. प्रत्यक्ष अनुभव मात्र अधिक गुंतागुंतीचा आहे.

(३)

भारतात ह्या माध्यमाची पहिली मोठी कसोटी २०१९ साली झाली, आणि तिच्या मुळाशी, योगायोगाने, एक कविताही होती. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद करण्यात आले. नाझी अभिवादन करणाऱ्या जमावात हात बांधून उभा राहिलेला ऑगस्ट लांडमेसर ह्याचे १९३६ सालचे छायाचित्र त्यांनी आपल्या खात्यावर लावले होते. खाते परत मिळाले, पण लगोलग पुन्हा बंद झाले. ह्या वेळी आक्षेप हिंदी कवी गोरख पांडेय यांच्या कवितेसंबंधीच्या एका जुन्या मजकुरावर होता. फाशीच्या शिक्षेला विरोध करणारी कविता आणि कोणाला फाशी देण्याची चिथावणी ह्यांतील फरक कंपनीच्या यंत्रणेला कळला नाही. त्याच सुमारास दलित-बहुजन लेखकांच्या खात्यांना ट्विटरकडून मिळणाऱ्या वागणुकीविषयीही तीव्र असंतोष होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये अनेक भारतीय सदस्यांनी निषेध म्हणून मॅस्टोडॉनचा आश्रय घेतला.

हे स्थलांतर टिकले नाही. पुष्कळसे लोक काही आठवड्यांत परतले. त्याची कारणे तांत्रिक असण्यापेक्षा सामाजिक अधिक होती. नव्या सदस्यापुढे दारातच प्रश्न उभा राही : कोणत्या सर्व्हरवर नाव नोंदवावे? ज्याला ह्या रचनेची कल्पना नाही त्याला ही निवड अनाकलनीय वाटणे स्वाभाविक होते. ज्यांनी ती केली त्यांतील बहुतेकांनी सर्वांत मोठा व परिचित सर्व्हर पसंत केला, आणि अशा रीतीने विकेंद्रित माध्यमातही नवे केंद्र निर्माण झाले. शिवाय वृत्तपत्रे, शासकीय कार्यालये, प्रकाशक आणि वाचक हे सर्व जुन्याच ठिकाणी राहिले. लेखक वाचकाच्या शोधात असतो. एकटे घर कितीही स्वतंत्र असले तरी तेथे संवाद होत नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटरची मालकी ईलॉन मस्क यांच्याकडे गेल्यावर ह्याच अनुभवाची जागतिक पातळीवर पुनरावृत्ती झाली. मॅस्टोडॉनच्या सक्रिय सदस्यांची मासिक संख्या अल्पावधीत सुमारे २५ लाखांवर गेली आणि पुढील काही महिन्यांत बरीच उतरली. विद्युत्पत्राचा इतिहासही ह्या बाबतीत बोधप्रद आहे. विद्युत्पत्राची संहिता प्रारंभापासून खुली असून कोणीही स्वतःची टपालकचेरी उघडू शकतो. तरीही आज जगातील बहुतांश लोकांची पत्रे दोनतीन मोठ्या कंपन्यांच्या हाती आहेत. संहितेतील विकेंद्रीकरण म्हणजे व्यवहारातील विकेंद्रीकरण नव्हे, असाच ह्याचा अर्थ होतो.

(४)

दुसरी अडचण पत्त्याची आहे. मॅस्टोडॉनवरील सदस्याच्या पत्त्याचे दोन भाग असतात : स्वतःचे नाव आणि सर्व्हरचे नाव. सर्व्हर बदलावयाचा झाल्यास आपले अनुयायी नव्या पत्त्यावर नेण्याची सोय आहे. मात्र पूर्वी लिहिलेला मजकूर त्यांच्याबरोबर जात नाही. त्याची प्रत लेखकाला स्वतःपाशी उतरवून घेता येते, परंतु नव्या घरी ती पूर्ववत मांडता येत नाही. सर्व्हरच बंद पडला तर मूळ मजकूर, त्याखालील चर्चा व त्यांचे परस्परसंदर्भ तुटतात. ‘कू’च्या बाबतीत एकदम घडले ते येथे तुकड्यातुकड्याने घडू शकते.

ही उणीव दूर करण्याचा प्रयत्न ‘ब्लूस्काय’ ह्या माध्यमाने केला. फेब्रुवारी २०२४ पासून सर्वांस खुल्या झालेल्या ह्या माध्यमाच्या रचनेत सदस्याची ओळख व लेखन सर्व्हरपासून विलग ठेवले असून ते उचलून दुसरीकडे नेता येते. परंतु तेथे सर्वांचे लेखन एकत्र गोळा करून पुरविण्याचे काम खर्चिक असल्याने ते मुख्यतः मूळ कंपनीच्याच हाती राहिले आहे. एका ठिकाणचे केंद्र हलविले, की ते दुसरीकडे उभे राहते, असा हा पेच आहे.

(५)

तिसरी अडचण रखवालीची. ‘कू’ला खर्च पेलला नाही हे सर्वांना दिसले, लहान सर्व्हरांचा खर्च सहसा दिसत नाही, एवढाच फरक. यंत्राचे भाडे, साठवणुकीची जागा, सुरक्षिततेची देखभाल आणि मुख्य म्हणजे मजकुरावर देखरेख ठेवणाऱ्या माणसाचा वेळ, हा सर्व भार एखाद्या हौशी चालकावर पडतो. त्याचा उत्साह ओसरला, नोकरी बदलली किंवा प्रकृती बिघडली, की सर्व्हर मिटतो. मराठी वाचकाला हा अनुभव नवा नाही. साठोत्तरी काळातील लघुनियतकालिके अशीच एकदोघांच्या खांद्यांवर उभी होती आणि त्यांतील बहुतेक अल्पायुषी ठरली. मात्र छापलेले अंक काही घरांत व ग्रंथालयांत उरले, म्हणून त्या चळवळीचा इतिहास लिहिता आला. बंद सर्व्हरचे असे अंक उरत नाहीत.

देखरेखीचा प्रश्न भाषेशी निगडित आहे. जर्मनीतील सर्व्हरचा नियंत्रक मराठीतील जातिवाचक शिवी ओळखू शकत नाही. उलट दलित आत्मकथनातील एखादा उतारा त्याला शिवीगाळ वाटू शकतो. गोरख पांडेय यांच्या कवितेच्या बाबतीत झालेली चूक मोठ्या कंपनीची होती. लहान परदेशी सर्व्हरही ती करू शकेल. मराठीच्या सर्व्हरला मराठी जाणणारा, बोलींचे भान असलेला नियंत्रकच हवा. स्थानिक सर्व्हरची खरी उपयुक्तता येथे आहे, आणि त्याचा खरा खर्चही येथेच आहे.

कायद्याची बाजू ह्यात भर घालते. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी ५० लाखांहून अधिक सदस्य असलेल्या माध्यमांवर विशेष जबाबदाऱ्या टाकल्या. त्याखालील माध्यमांना त्या लागू नसल्या तरी तक्रार-निवारण अधिकारी नेमणे, आदेश मिळताच ठरावीक मुदतीत मजकूर काढणे, ही सामान्य कर्तव्ये लहान मध्यस्थालाही चुकत नाहीत. ह्या संदर्भात बेंगळुरूतील कर्नाटक उच्च न्यायालयाचा ३० जून २०२३ चा निर्णय लक्षणीय आहे. केंद्र शासनाच्या मजकूर रोखण्याच्या आदेशांना ट्विटरने तेथे आव्हान दिले होते. एकल न्यायमूर्तींनी याचिका फेटाळून कंपनीला ५० लाख रुपयांचा दंडात्मक खर्च ठोठावला. ह्या निर्णयाच्या गुणदोषांत न शिरताही एक गोष्ट स्पष्ट होते. मोठी कंपनी निदान न्यायालयाची पायरी चढू शकते व अपीलही करू शकते. पाचशे सदस्यांचा सर्व्हर चालविणाऱ्या ग्रंथपालाला ते सामर्थ्य नाही. त्याच्यापुढे आज्ञापालन किंवा बंद करणे हे दोनच मार्ग उरतात.

(६)

सर्व्हरांच्या परस्परसंबंधांतून चौथी अडचण उद्भवते. एका सर्व्हरचा चालक दुसऱ्या सर्व्हरशी व्यवहार तोडू शकतो. गावकीच्या भाषेत ह्याला वाळीत टाकणे म्हणता येईल. २०१९ साली ‘गॅब’ ह्या द्वेषमूलक लेखनासाठी कुप्रसिद्ध असलेल्या अमेरिकन माध्यमाने मॅस्टोडॉनची प्रणाली स्वीकारली, तेव्हा असंख्य सर्व्हरांनी त्याच्याशी संबंध तोडले. कार्यक्रम मुक्त असल्याने तो वापरण्यापासून गॅबला कोणी रोखू शकले नाही. पण त्याच्याशी बोलावयाचे नाही, हे ठरविणे मात्र प्रत्येकाच्या हाती होते. येथे हा अधिकार हितकारक ठरला. तोच अधिकार क्षुल्लक मतभेदांवरून वापरला गेला, तर एका चालकाच्या भांडणामुळे त्याच्या सर्व सदस्यांचे वाचक तुटतात.

बंदिस्तपणाचे दूरगामी परिणाम मराठीच्या इतिहासात दिसून येतात. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ ठिकठिकाणच्या मठांत जतन केले आणि सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत ते बद्ध केले. प्रती अनेक होत्या, म्हणून ‘लीळाचरित्रा’सारखे आद्य गद्य वाचले. परंतु लिपीचा उलगडा पंथाबाहेर होईपर्यंत, म्हणजे विसाव्या शतकापर्यंत, मराठी वाङ्मयाच्या इतिहासाला त्यांचा जवळजवळ पत्ता नव्हता. लेखन टिकणे आणि ते वाचकांपर्यंत पोहोचणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे ह्यावरून ध्यानात येते.

(७)

पाचवी अडचण पाठाची असून ती साहित्याच्या अभ्यासकाला सर्वांत जवळची आहे. विकेंद्रित माध्यमात एका सर्व्हरवरील मजकुराच्या प्रती अनुयायांच्या सर्व्हरांवर पोहोचतात. लेखकाने मजकूर सुधारला किंवा पुसला तर तशी सूचना सर्वत्र जाते; परंतु एखादा सर्व्हर त्या वेळी बंद असेल किंवा सूचना मानीत नसेल, तर तेथे जुना पाठ तसाच राहतो. अशा रीतीने एकाच लेखनाचे भिन्न पाठ भिन्न ठिकाणी नांदू शकतात. ‘ज्ञानेश्वरी’च्या प्रतींत शिरलेले अपपाठ काढून एकनाथांनी शके १५०६ मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध केली, ही घटना सर्वपरिचित आहे. अनेक हातांनी नक्कल होत गेली की पाठभेद अटळ असतात, आणि तेथे पाठचिकित्सेची गरज निर्माण होते. उद्याच्या संशोधकाला समाजमाध्यमावरील चर्चेची संपादित आवृत्ती सिद्ध करावयाची झाल्यास त्याला हीच शिस्त अवलंबावी लागेल.

ह्यात नैतिक प्रश्नही गुंतलेला आहे. लेखकाने पुसलेला मजकूर जपून ठेवण्याचा अधिकार कोणाला? मॅस्टोडॉनच्या अनेक सदस्यांना आपले लेखन सर्वत्र शोधता येऊ नये असे वाटते. म्हणून २०२३ च्या आवृत्तीत शोधाची व्यापक सोय करण्यात आली तेव्हा ती लेखकाच्या पूर्वसंमतीवर अवलंबून ठेवली गेली. संशोधकाची जिज्ञासा आणि लेखकाचा विस्मरणाचा हक्क यांचा मेळ घालण्याचे काम प्रत्येक सर्व्हरला स्वतंत्रपणे करावे लागेल.

(८)

ह्या विवेचनातून निष्पन्न होणारी गोष्ट अशी, की लेखनाची सुरक्षितता केंद्रे किती आहेत ह्यावर अवलंबून नसून, प्रत घेण्याची मोकळीक आणि ती सांभाळणारी संस्था ह्या दोहोंवर अवलंबून आहे. मराठी विकिपीडियाचे उदाहरण येथे पुरेसे आहे. २००३ साली सुरू झालेला हा ज्ञानकोश एकाच संस्थेच्या सर्व्हरवर असतो. त्या अर्थाने तो विकेंद्रित नाही. परंतु त्यातील मजकूर मुक्त परवान्याखाली असून त्याच्या संपूर्ण प्रती कोणासही उतरवून घेता येतात. मूळ संस्था उद्या थांबली तरी कोश नष्ट होणार नाही. ‘कू’चे संस्थापक सेवा बंद करताना ती सार्वजनिक डिजिटल साधन म्हणून खुली करण्याच्या शक्यतेविषयी बोलले होते, तो विचार प्रारंभीच रचनेत असता तर बेंगळुरूच्या त्या बहुभाषिक सभेचे काही अवशेष अभ्यासकांच्या हाती राहिले असते.

रामदासी मठांचा दाखला ह्याच दिशेने जातो. समर्थ संप्रदायाची बाडे महाराष्ट्रापासून तंजावरपर्यंतच्या मठांत विखुरलेली होती, म्हणून ती काळाच्या एका आघाताने नाहीशी झाली नाहीत. परंतु त्यांचा अभ्यास शक्य झाला तो शंकर श्रीकृष्ण देव यांनी मठामठांतून ती मिळवून धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात एकत्र आणल्यामुळे. विखुरणे आणि एकत्र करणे ह्या दोन्ही क्रिया जतनाला आवश्यक आहेत. त्यांतील कोणत्याही एकीने काम भागत नाही.

विकेंद्रित माध्यमाची हौशी चालकावरील भिस्त कमी करावयाची तर विद्यापीठे, साहित्यसंस्था आणि मोठी ग्रंथालये यांनी आपापले सर्व्हर चालविण्याचा विचार करावा लागेल. ग्रंथालयाची इमारत, सेवकवर्ग व अर्थसंकल्प जसा कायमस्वरूपी मानला जातो, तशी ह्या सर्व्हरची तरतूद असावयास हवी. ठराविक काळाने प्रत काढणे, ती दुसऱ्या एका संस्थेकडे ठेवणे, लेखकांची संमती आगाऊ नोंदविणे, आणि सर्व्हर बंद करण्याची वेळ आलीच तर किती दिवस आधी सूचना द्यावी हे नियमांत लिहून ठेवणे, ह्या चार गोष्टी विशेष खर्चाच्या नाहीत. बेंगळुरूसारख्या शहरात, जेथे कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू आणि मराठी एकाच रस्त्यावर ऐकू येतात आणि जेथे संगणकशास्त्र जाणणारी माणसेही मुबलक आहेत, असा प्रयोग अनेक भाषाविभागांना मिळून करता येईल. तसे झाले नाही, तर ह्या काळातील भारतीय भाषांचा इतिहास लिहिणाऱ्याजवळ समाजमाध्यमांची नावे असतील, त्यांच्या आरंभाच्या व अंताच्या तारखा असतील; मात्र तेथे लोकांनी काय लिहिले होते हे सांगणारी प्रत त्याला मिळणार नाही.